मदत हवी आहे: आठवडे बाजारातला माल जवळच्याच शेतातला आहे हे कसं तपासायचं?

मंडळी, पुण्यात सोसायटीच्या आवारात शेतकरी आठवडे बाजार भरवायचा आहे. मार्केट यार्डातून उचललेला माल शेतकऱ्याच्या नावाने विकला जाऊ नये, म्हणून नियम ठरवतोय. सातबाऱ्यावरची पीकनोंद मागणार आहोत. पण ती हंगामाची असते, मेथी-कोथिंबिरीसारखं महिना-दीड महिन्याचं पीक तिच्यात बरेचदा दिसतच नाही. सफरचंद किंवा मे महिन्यातला मटार बाहेरून आलाय हे लगेच ओळखू येतं. खरी पंचाईत इथेही आणि बाहेरही पिकणाऱ्या कांदा, बटाटा, टोमॅटोची. शिवाय शेतकरी उत्पादक कंपनी अनेक गावांचा माल एकत्र आणते, त्यामुळे एका गाळ्यावर पंधरा भाज्या दिसल्या म्हणून तो व्यापारी, असंही म्हणता येत नाही. गाव, गट नंबर आणि तोडणीची तारीख पाटीवर लिहायला लावणं जमतं का? न सांगता शेतावर जाऊन पाहणी कोणी करतं का?