महापालिकेला आमच्याकडे मतदान कमी का पडतं? सोसायटीनं नेमकं काय करायचं?

सोसायटी_सचिव
पुण्यात साधारण २०० फ्लॅटची सोसायटी आहे. विधानसभेला बऱ्यापैकी रांग असते, महापालिकेला मात्र केंद्रावरचे कर्मचारी जांभया देत बसतात. ‘सुट्टी मिळाली की लोणावळा’ हे कारण सगळे तोंडावर फेकतात, पण सुट्टी विधानसभेलाही असतेच की. पुढच्या निवडणुकीआधी सोसायटीच्या पातळीवर काय करता येईल आणि कधी? लोकशाहीवर भाषण नको, कामाचं बोला.

यादीभाग
सगळ्यात आधी टक्केवारी खरी आहे का ते बघा. यादीत १०० नावं, त्यातली १५ मयत, सोडून गेलेली किंवा दुबार, आणि मत दिलं ५० जणांनी, तर कागदावर ५० टक्के. प्रत्यक्षात मात्र ८५ पैकी ५०, म्हणजे जवळपास ५९. भाडेकरूंची ये-जा असलेल्या सोसायटीत हा फरक मोठा असतो.

आता मूळ मुद्दा. राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी यादी करत नाही. भारत निवडणूक आयोगाची विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेतात आणि प्रभागांत फोडतात. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांसाठी ती तारीख १ जुलै २०२५ होती. म्हणजे ऑक्टोबरमध्ये नाव नोंदवलेल्याला भारत निवडणूक आयोगाच्या साइटवर आपलं नाव दिसतं, हातात कार्डही येतं, पण महापालिकेच्या यादीत तो नसतोच. हे लोक केंद्रावरून चिडून परत जातात आणि पुढच्या वेळी येत नाहीत.

प्रारूप प्रभाग यादी लागली की हरकतींना जेमतेम आठवडा-दहा दिवस मिळतात. त्यात नवीन नाव घालता येत नाही. लेखनिकाची चूक, चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव, विधानसभेच्या यादीत असून प्रभागात गळालेलं नाव, एवढंच दुरुस्त होतं. त्यामुळे यादीचं खरं काम निवडणूक जाहीर होण्याच्या सहा-आठ महिने आधीचं. वर्षातून चार अर्हता दिनांक, म्हणजे १८ वर्षं पूर्ण आहेत का हे ज्या तारखेला धरतात त्या तारखा, असतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर.

करायचं असं: विधानसभेच्या यादीचा तुमचा भाग डाउनलोड करा, प्रिंट काढा आणि फ्लॅटवार टिक करत जा. नवा मतदार असेल तर फॉर्म ६, मयत किंवा सोडून गेलेला असेल तर ७, पत्ता बदलला असेल तर ८. दुसऱ्या गावाहून आलेले बहुतेक लोक ८ ऐवजी ६ भरतात. मग जुनं नाव तिथंच राहतं, नवं इथं तयार होतं आणि माणूस दुबार होतो. एक खबरदारी घ्या: सचिवानं गठ्ठा करून फॉर्म नेऊन दिले तर घेत नाहीत. ज्यानं-त्यानं, फार तर घरातल्या घरात, भरायचे. क्लब हाउसमध्ये रविवारी एक लॅपटॉप आणि एक स्कॅनर मांडून बसा, तासाभरात बरीच घरं उरकतात.

शंभर_मीटर
वरचं सगळं बरोबर. मतदानाच्या दिवशीची गळती वेगळी, ती सांगतो.

पहिली केंद्राची. पालिकेचं केंद्र, यादीचा भाग आणि अनुक्रमांक, तिन्ही विधानसभेपेक्षा वेगळे असू शकतात. लोक भारत निवडणूक आयोगाच्या ॲपवर शोधतात, ते विधानसभेचं केंद्र दाखवतं. नवरा एका शाळेत, बायको दुसऱ्या, असंही होतं. शोध राज्य निवडणूक आयोगाच्या साइटवर घ्यायचा. केंद्र नक्की झालं की फ्लॅट क्रमांक, नाव, केंद्र, खोली, अनुक्रमांक अशी साधी यादी लिफ्टजवळ लावा. पक्षाचं नाव-चिन्ह असलेली नको, त्यावरून भांडणं होतात. तसंही मोठ्या गेटच्या सोसायटीत वॉचमन कार्यकर्त्यांना आत सोडत नाही, त्यामुळे वस्तीत घरोघर पोचणारी स्लिप तुमच्याकडे पोचत नाही.

दुसरी वेळेची. जानेवारी २०२६ मध्ये मतदान सकाळी ७.३० ते संध्याकाळी ५.३० होतं, म्हणजे दहा तास, विधानसभेपेक्षा एक तास कमी. समजा केंद्रावर ९०० मतदार आहेत आणि ६० टक्के आले, तर ५४० माणसं ६०० मिनिटांत. माणशी एक मिनिटाहून थोडंच जास्त, त्यात एका प्रभागात चार नगरसेवक, म्हणून प्रत्येकाची चार मतं! गर्दी एकाच वेळी झाली की अर्धे जण रांग बघूनच घरी जातात. म्हणून मजल्यावार वेळा वाटून घ्या. ५.३० ला रांगेत असलेल्याला मत देता येतं, हेही बोर्डावर लिहा.

तिसरी मशीनची. अ, ब, क, ड अशा जागा, प्रत्येकीला एक बटण. एकच मत देऊन माणूस निघाला की मशीन अडतं, कर्मचारी हाक मारतात, मागची रांग थांबते. चारही बटणं दाबल्यावर लांब बीप होतो, मगच बाहेर यायचं. एखाद्या जागेवर कुणी पसंत नसेल तर तिथलं नोटा दाबायचं, जागा सोडायची नाही. मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट या निवडणुकीत नसतं, चिठ्ठी दिसली नाही म्हणून तिथं वाद घालू नका.

नाक्यावरचा
चार मतांनी लोक गोंधळतात हे मान्य, पण सगळं खापर त्यावर नको. मुंबईत एक प्रभाग, एक नगरसेवक, एक मत. तरी २०१२ ला साधारण ४५ टक्के, २०१७ ला ५५ च्या आसपास.

माझ्या मते प्रभागाचा आकार जास्त नडतो. पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक. ४० प्रभाग चारचे, एक पाचाचा. एका प्रभागात सरासरी ८०-९० हजार मतदार. गटार तुंबलं तर चौघांपैकी फोन कुणाला करायचा? त्यात २०२२ च्या मार्चपासून जवळपास चार वर्षं प्रशासक. नगरसेवक नसतानाही कचरा उचलला जात होता, मग मत कशाला, असं लोक उघड म्हणतात. उत्तर द्यायला सोपं नाही.

गावाकडं ग्रामपंचायतीच्या एका वॉर्डात काहीशे मतं, निकाल पाच-दहा मतांवर फिरतो. म्हणून शहरात राहणारे कितीतरी जण नाव मुद्दाम गावीच ठेवतात. भावकी गाडी पाठवते, हे महाशय जातातही. त्यांना ‘एका मतानं काय होतं’ हे सांगायची गरज पडत नाही. शहरात पडते. तिथं २०१७ चा मुंबईचा प्रभाग २२० सांगा: मतं समसमान पडली आणि निकाल चिठ्ठी काढून लागला.

सोसायटी_सचिव
आभारी आहे, हेच हवं होतं. दोन शंका. भाडेकरूंना कुठला पुरावा चालतो? घरमालक लाइट बिल द्यायला तयार नसतात. आणि प्रभाग यादीत काही नावांपुढे दोन तारे होते, ते काय?

यादीभाग
नोंदणीकृत भाडेकरार चालतो, मालकाचं बिल मागायची गरज नाही. नुसता नोटरी केलेला करार असेल तर त्यावर विसंबू नका. आधार, बँक पासबुक किंवा गॅस बिलावर इथला पत्ता घ्या आणि ते लावा.

दोन तारे म्हणजे संभाव्य दुबार. नाव कापलेलं नसतं. कुठं मत देणार हे आधी कळवलेलं असेल तर तिथंच देता येतं. कळवलं नसेल तर केंद्रावर दुसरीकडे मत दिलेलं नाही आणि देणारही नाही असं हमीपत्र घेतात, ओळख तपासतात, मगच आत सोडतात. नेमके हेच लोक कटकट नको म्हणून येत नाहीत. तुमच्या यादीत असे किती आहेत ते मोजा आणि त्यांना आत्ताच फॉर्म ७ भरून एका ठिकाणचं नाव काढायला लावा.