घरचा पोरगा विकला की निव्वळ नफा

तोट्यावर मर्यादा घालणारे नियम आल्यापासून फुटबॉल क्लब जपून खर्च करतात असं म्हणतात, ते अर्धंच पटतं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०२५-२६ पर्यंतच्या नियमात तीन वर्षांत १०५ दशलक्ष पौंडांपेक्षा जास्त तोटा चालत नव्हता. तो मोडला म्हणून एव्हर्टन क्लबचे २०२३ मध्ये १० गुण कापले, अपिलात ते ६ वर आले. पण हिशेबातली खरी खोच राहूनच गेली. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत विभागून दाखवतात. क्लबच्याच अकादमीत वाढलेल्याची वहीत किंमत शून्य, म्हणून विक्रीचा सगळा पैसा त्याच वर्षी नफ्यात. चेल्सी क्लबने आपल्या अकादमीतले माउंट, गॅलघर विकले ते काय उगाच? आणि बाहेरून आणलेल्यांना लांबलचक करार (मुद्रिकला तर साडेआठ वर्षांचा!), म्हणजे दरवर्षी दाखवायचा खर्च कमी. युएफाने (युरोपची फुटबॉल संघटना) पुढे ही विभागणी जास्तीत जास्त ५ वर्षांवर आणली, पण लांब करारांत आधी कबूल केलेले पगार द्यावेच लागणार.