बार्बरा जॉर्डन यांनी सिनेटची जागा पणाला लावली काय?

धागाकर्ता:
अमेरिकन राजकारणी बार्बरा जॉर्डन १९६६ साली टेक्सास राज्याच्या सिनेटवर (राज्य विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहावर) निवडून आल्या. १८८३ नंतर त्या सभागृहात बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय सभासद, आणि कृष्णवर्णीय स्त्रियांत तर पहिल्याच. त्यांचे मोठेपण मला मान्य आहे. मात्र त्यांच्याविषयी लिहिताना १९७१ च्या मतदारसंघ फेररचनेचे प्रकरण चार ओळींत उरकले जाते, ते मला खटकते. त्या वर्षी ह्यूस्टनमध्ये काँग्रेसचा (अमेरिकेच्या केंद्रीय संसदेचा) १८वा मतदारसंघ त्यांना सोयीचा आखला गेला आणि त्यांच्या सिनेट मतदारसंघातील कृष्णवर्णीय मते विखुरली गेली. ती जागा लढवू पाहणारे कृष्णवर्णीय आमदार कर्टिस ग्रेव्ह्ज यांनी, जॉर्डन यांनी स्वतःच्या बढतीसाठी समाजाची जागा सोडून दिली, असा उघड आरोप केला होता. १९७३ पासून पुढची दहा वर्षे त्या सिनेटमध्ये एकही कृष्णवर्णीय सभासद नव्हता.

ह्यूस्टनकर:
आरोप जुना आहे आणि अर्धवटही आहे. विधिमंडळाने केलेला सिनेटचा आराखडा राज्यपालांनी नाकारला आणि काम पाच सदस्यांच्या फेररचना मंडळाकडे गेले, ज्यात जॉर्डन नव्हत्या. शिवाय ग्रेव्ह्ज यांनी १९७२ च्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) हाच मुद्दा घेऊन त्यांच्याविरुद्ध निवडणूक लढवली, तेव्हा सुमारे ८० टक्के मते जॉर्डन यांना मिळाली. ज्यांची जागा गेली असे आपण म्हणता, त्यांनीच हा निकाल दिला होता.

धागाकर्ता:
मंडळात त्या नव्हत्या हे खरे, पण उपराज्यपाल बेन बार्न्स होते, आणि त्यांच्याशी जॉर्डन यांचे उत्तम जमत असे. मते भरघोस मिळाली म्हणून व्यवहार चोख ठरत नाही. १० जून १९७२ रोजी त्यांना एका दिवसाच्या राज्यपाल करण्यात आले तो मानही मला याच गोडीगुलाबीतला वाटतो. (त्याच दिवशी विधानभवनात त्यांच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले; यावर मात्र वाद घालावासा वाटत नाही.)

एक निवृत्त वकील:
‘गोडीगुलाबी’ हा शब्द मला अन्यायाचा वाटतो. १९६२ आणि १९६४ मध्ये त्या राज्याच्या प्रतिनिधिगृहाची (कनिष्ठ सभागृहाची) निवडणूक हरल्या, कारण तेव्हा ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीतील (जिल्ह्यातील) सगळ्या मतदारांनी मिळून प्रतिनिधी निवडायचा असे आणि गोऱ्या मतांच्या लोंढ्यात कृष्णवर्णीय मते बुडून जात. न्यायालयाच्या निर्णयामुळे १९६५ साली एकेका जागेचे वेगळे मतदारसंघ आखले गेले, तेव्हा कुठे त्या निवडून आल्या. नकाशावरची एक रेघ काय करू शकते हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. ३१ जणांच्या त्या सभागृहात त्या एकट्याच स्त्री होत्या आणि एकट्याच कृष्णवर्णीय. तिथे विधेयक चर्चेला घ्यायलाच दोनतृतीयांश मते लागत. म्हणजे अकरा जण अडून बसले की विषय संपला. मतदार नोंदणी अवघड करणारे एक विधेयक त्यांनी असेच रोखले: आणखी दहा सभासदांकडून एकेक करून शब्द घेतला आणि मगच सभागृहात उभ्या राहिल्या. केंद्रीय कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलेल्या कामगारांसाठी राज्याचा पहिला किमान वेतन कायदाही त्यांनीच पुढे रेटला. गोऱ्या सभासदांशी न बोलता यातले काय झाले असते?

ह्यूस्टनकर:
आणि काँग्रेसमध्ये गेल्यावर त्या ही जागा विसरल्या नाहीत. १९७५ साली मतदान हक्क कायदा टेक्सासला लागू व्हावा म्हणून त्या लढल्या. तो लागू झाल्यामुळेच १९८१ चे नकाशे केंद्रीय न्यायखात्याच्या मंजुरीला पाठवणे राज्याला भाग पडले. पुढच्याच वर्षी क्रेग वॉशिंग्टन ह्यूस्टनमधून सिनेटवर निवडून आले.

धागाकर्ता:
१९७५ चा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, तेव्हा ‘गोडीगुलाबी’ मागे घेतो. पण १९७१ साली त्या स्वतः सिनेटच्या फेररचना समितीच्या उपाध्यक्षा होत्या, आणि आपली जागा मोडली जात असताना त्यांनी त्या अकरा मतांची जुळवाजुळव का केली नाही, याचे उत्तर आपणा दोघांपैकी कुणीच दिलेले नाही.