पोरं गाईडमधला भावार्थ पाठ करतात, काय करू?

पारोळा_मराठी: नमस्कार मंडळी, मी पारोळ्याला आठवी-नववीच्या पोरांची शिकवणी घेते. घरी सगळे अहिराणी बोलतात, पोरं हुशार आहेत, पण कविता आली की गाईडचा भावार्थ पाठ, निबंधही पाठ, आणि स्कॉलरशिपच्या पेपरातले शब्दसंबंध तर नुसते अंदाजाने टिक करतात. कुठून सुरुवात करू?

तापीकाठ: ताई, कविता आधी ऐकवा, पुस्तक नंतर उघडा. बहिणाबाई आपल्या असोद्याच्या, लिहिता-वाचता येत नव्हतं, कामं करता करता ओव्या म्हणायच्या, मुलगा सोपानदेव वगैरे घरच्यांनी लिहून ठेवल्या म्हणून त्या गेल्यावर १९५२ ला संग्रह निघाला. त्यांची कविता कानासाठीच आहे ना! मी म्हणून दाखवतो आणि विचारतो, हे कोण बोलतंय, कोणाला बोलतंय, त्याच्यासमोर आत्ता काय दिसतंय. भावार्थाचं नावच काढत नाही. उत्तर अहिराणीत आलं तरी घ्या, प्रमाण मराठीत नंतर लिहून घेता येतं. त्यांची बोली लेवा, पोरांची अहिराणी, कुठला शब्द जुळतो कुठला नाही हे शोधायला पोरांना फार आवडतं.

गणित_मराठी_दोन्ही: शब्दसंबंधाला एकच सवय लावा, पर्याय झाकून आधी नात्याचं वाक्य करायचं. कपाशी : बोंड, तर ज्वारी : ? पोरं पटकन कडबा म्हणतात कारण ज्वारी म्हटलं की घरी कडबाच आठवतो. पण "कपाशीला बोंड येतं आणि त्यात सरकी असते" असं वाक्य केलं की ज्वारीला दाणे कशात असतात हा प्रश्न आपोआप पडतो आणि कणीस सापडतं. चुकलेला पर्याय का चुकला हे पण बोलून घ्या, खरं शिकणं तिथंच होतं.

धुळेकर_ताई: निबंधाचं सांगते. पावसाळा दिला की सगळ्यांच्या वहीत मोर नाचतो, इंद्रधनुष्य निघतं. विषय सांगितल्यावर पेन खाली ठेवायला लावा आणि नुसतं बोलू द्या. जूनच्या वादळात केळी आडवी झाली तेव्हा बाबा बांधावर किती वेळ उभे होते, हे पोरगं बोलेल, पाठांतरात ते कुठून येणार! बोललेलं मोबाइलवर रेकॉर्ड करा, तेच ऐकून त्यानंच लिहायचं. शुद्धलेखन अगदी शेवटी बघा, पहिल्याच ओळीला लाल पेन लागलं तर पुढचं येतच नाही.

पारोळा_मराठी: खूप मदत झाली सगळ्यांची. एक मुलगी मात्र चारचौघांत तोंडच उघडत नाही, तिचं काय करू?

धुळेकर_ताई: तिला एकटीला घरी आजीसमोर बोलून रेकॉर्ड करायला सांगा, वर्गात ऐकवू नका, फक्त तुम्ही ऐका.