कारा डोंगरातला बर्ट्रम थॉमस: याला अजून किती दिवस 'शोध' म्हणायचं?

डोंगरवाट:
भाऊ सलालाला नोकरीला आहे, त्यामुळे ओमानच्या दक्षिण टोकाच्या धोफारबद्दल मिळेल ते वाचत सुटलेय, आणि एक गोष्ट मनातून जात नाहीये म्हणून धागा काढते. बर्ट्रम थॉमस हा इंग्रज, आधी इराकमध्ये पोलिटिकल ऑफिसर, मग मस्कतच्या सुलतानाचा अर्थमंत्री. १९३० च्या अखेरीस रुब अल खाली वाळवंट पार करायला निघण्याआधी तो सलालामागच्या कारा डोंगरात फिरून आला. तिथली माणसं गाई, उंट, शेळ्या राखणारी, गुहांचा निवारा करणारी, घरात अरबी नाही तर स्वतःची वेगळीच भाषा बोलणारी. त्यानं त्यांचे शब्द लिहून घेतले, रीतीभाती लिहून घेतल्या आणि कॅलिपर लावून त्यांची डोकी मोजली! ती मापं इंग्लंडला आर्थर कीथ या शरीररचनाशास्त्रज्ञापर्यंत गेली आणि दक्षिण अरबांचा 'वंश' कोणता यावरचं परिशिष्ट होऊन १९३२ च्या त्याच्या पुस्तकामागे छापली गेली.

आणि आजही जिथे बघावं तिथे हेच, की त्यानं 'अज्ञात' जमाती शोधल्या. अज्ञात कोणाला? त्या डोंगरातून पिढ्यानपिढ्या तूप आणि ऊद (धुपाचा सुगंधी डिंक) खाली किनाऱ्यावर उतरतोय, किनाऱ्यावरचे वाळवलेले तारले उन्हाळ्यात गाईंना चारा म्हणून वर चढतायत, अख्ख्या मुलखाला ती माणसं माहीत होती. माझं मत सरळ आहे, हा शोध नव्हता, सरकारी माणसाची पाहणी होती आणि तिला तेच म्हणावं.

सलालाकर:
ताई, अकरा वर्षं इथे आहे, डोंगरात भरपूर फिरलोय, तरी तुमचं अर्धंच पटलं. डोकी मोजणं वाईटच, त्यावर वाद नाही. पण शब्दांचं काय? शहरी (काऱ्यांची घरची भाषा, नाव शहरी जमातीवरून, शहराशी संबंध नाही; कोणी जिब्बाली म्हणतं), मेहरी, हरसूसी, बथारी, या चार भाषांवर त्यानं काम केलं, १९३७ साली छापलं. यातल्या एकीलाही स्वतःची लिपी नाही. बथारी बोलणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. समजा तो गेलाच नसता, तर आज आपण कशावर बोललो असतो?

दुसरं, तो सुलतानाचा पगारी नोकर होता, ब्रिटिश सरकारचा नाही. वाळवंटाच्या प्रवासाला तर त्यानं लंडनची परवानगीही मागितली नव्हती. हा फरक तुम्ही गाळताय.

जुनी_कागदं:
दोघांनाही एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती आपल्या मुंबईची आहे. १८४४ ते ४६ मध्ये पॅलिन्युरस नावाचं जहाज अरबस्तानच्या या किनाऱ्याची मोजणी करत होतं, त्यावर मुंबई सरकारच्या नोकरीतला एक डॉक्टर होता, हेन्री कार्टर. त्यानं याच कारा लोकांवर टिपण लिहिलं, मेहरी शब्दांची यादी केली, आणि ते छापून आलं कुठे तर रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात, म्हणजे आपल्या टाउन हॉलमध्ये. उदाच्या झाडाचं बोस्वेलिया कार्टेराय हे नाव याच कार्टरवरून पडलंय. त्याच्याही आधी, १८३८ मध्ये, जेद्दातला फ्रेंच वाणिज्यदूत फ्रेनेल या डोंगरातल्या शहरी भाषेवर लिहून मोकळा झाला होता. पुढे ऑस्ट्रियन मंडळी येऊन गेली. म्हणजे थॉमस युरोपियनांमध्येसुद्धा पहिला नव्हता, तेव्हा सलालाकर, 'तो नसता तर' हा मुद्दा टिकत नाही.

पण डोंगरवाट, तुम्ही सरकारी पाहणी म्हणताय तेही मला जड वाटतं. नुसत्या पाहणीला आलेला माणूस कोणती गाय कोणी पिळायची इतक्या खोलात जात नाही. बाईनं सडाला हात लावायचा नाही, धार पुरुषानंच काढायची, हे त्यानं नोंदवून ठेवलंय. त्याला त्या माणसांबद्दल खरं कुतूहल होतं.

मेंढका:
कुतूहल होतं म्हणून काय झालं? मी धनगराच्या घरातला आहे, आजोबा शेवटपर्यंत मेंढरांमागे होते, म्हणून मला हा विषय जवळचा आहे. आपल्याकडे रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्यानं नाकाच्या मापावरून जातीची उंची ठरवली तेव्हा त्यालाही कुतूहलच होतं. पट्टी लावणारा माणूस प्रेमळ होता की नाही हा प्रश्नच नाही, पट्टी कोणाच्या हातात होती हा प्रश्न आहे. कारा माणसानं लंडनला जाऊन कोणाच्या डोक्याला कॅलिपर लावल्याचं कुठे वाचलंय का तुम्ही? सलालाकर, पगार सुलतानाचा हे खरंय, पण मस्कतमध्ये ब्रिटिश पोलिटिकल एजंट बसलेला होता आणि त्या काळात त्याचा कारभार हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीत चालायचा. आणि हाच थॉमस पुढे १९४४ मध्ये जेरुसलेमला ब्रिटिश अधिकाऱ्यांना अरबी शिकवणाऱ्या केंद्राचा पहिला संचालक झाला. भाषा शिकणं आणि राज्य चालवणं एकाच गाडीला जुंपलेलं होतं.

अजून एक, हे कोणी बोलत नाही. त्याला माहिती दिली कोणी? यजमानांनी, म्हणजे कारा पुरुषांनी. त्यानं स्वतःच लिहिलंय की शहरी लोक काऱ्यांचे अंकित होते, आणि भाषा तर मुळात त्या शहरींच्या नावानं ओळखली जाते. गावात येऊन पाटलाच्या ओसरीवर बसून महारवाड्याची माहिती लिहून घ्यावी तसं हे. शहरी माणसाला विचारलं असतं तर त्यानं तेच सांगितलं असतं? आणि बायका, ज्या दिवसभर शेळ्यांमागे असायच्या, त्यांचं काय?

सलालाकर:
मेंढका, पाटलाच्या ओसरीचा मुद्दा मान्य, याचा मी विचार केला नव्हता. नावाचा वाद तर आजही गरम आहे, एक जण शहरी म्हणा म्हणतो, दुसरा जिब्बालीच म्हणा म्हणतो, मी समोरचा जे म्हणेल ते म्हणतो.

पण एक प्रसंग सांगतो, तो ऐका. माझ्याबरोबर काम करणारा एक जण डोंगरातला आहे. खरीफ चालू होता, म्हणजे आपला तोच नैऋत्य मान्सून, जून अखेर ते सप्टेंबर, समुद्राकडचा उतार हिरवागार आणि धुक्यात बुडालेला, आणि माथा ओलांडून पलीकडे गेलं की लगेच कोरडं वाळवंट. त्याच्या घरी गेलो होतो. आईनं लाकडी भांड्यात दूध आणलं, त्यात तापवलेला दगड सोडला, चर्र झालं आणि दूध उकळलं. मोबाईलवर माझ्याकडे थॉमसच्या त्या जुन्या यादीतली चार पानं होती, मुलानं एकेक शब्द मोठ्यानं वाचला. माऊली हसत होती. एका शब्दाला थांबवलं, नाही म्हणाली, आणि जिभेची कड दाताला टेकवून गालाच्या एका बाजूनं हवा सोडत तो कसा म्हणायचा ते तीनदा दाखवलं. मला काही जमेना. हा आवाज आपल्या देवनागरीत लिहिताच येत नाही, इंग्रजीतही येत नाही, थॉमसनं तो कसाबसा लिहिला होता. मग तीच सांगत सुटली, वासराला काय, पहिलटकरणीला काय, आटलेल्या गायीला काय, मुलगा म्हणाला यातले दोन मलाच माहीत नव्हते. ती चुकीची यादी समोर नसती तर हे बोलणं निघालंच नसतं. म्हणून म्हणतो, त्या कागदाला मोडीत काढू नका.

डोंगरवाट:
मोडीत काढा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. तुमचा प्रसंग वाचून उलट माझंच म्हणणं पक्कं झालं. यादी बरोबर कोणी केली? आईनं. तिचं नाव त्या पानावर कधी येणार? वाळवंटाच्या प्रवासात तरी रशीदी टोळीच्या सालेह बिन कलूतचं नाव थॉमसबरोबर घेतलं जातं, तो नसता तर थॉमस फेब्रुवारी १९३१ मध्ये दोह्याला जिवंत पोचला नसता. पण कारा डोंगरात ज्यांनी रात्र रात्र बसून शब्द सांगितले त्यांची नावं आज कोणाच्या तोंडी आहेत?

आणि 'जुनी कागदं', कार्टरबद्दल सांगितलंत ते बरं केलंत, मला माहीत नव्हतं. म्हणजे यात आपली मुंबईही आहे. एडन १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याला जोडलेलं, वासुदेव बळवंत फडके तिथल्याच तुरुंगात गेले, एवढं आपल्याला शाळेत कळतं. पण त्याच मुंबईतून माणसं जाऊन दुसऱ्यांचे डोंगर आणि दुसऱ्यांचे शब्द वहीत भरून आणत होती हे मला कोणी शिकवलं नाही.

जुनी_कागदं:
हे मान्य. 'शोध' हा शब्द मी यापुढे वापरणार नाही, 'नोंद' म्हणेन. 'पाहणी' मात्र अजूनही म्हणणार नाही.

मेंढका:
नोंद म्हणा, पण शब्दांची नोंद आणि डोक्यांची मापं एकाच पुठ्ठ्यात बांधलेली होती हे प्रत्येक वेळी सांगा. सलालाकर, त्या माऊलीचं बोलणं रेकॉर्ड केलंय का?

सलालाकर:
नाही केलं, विचारायला संकोच वाटला. पुढच्या खरीफला मुलालाच सांगणार आहे, त्यानंच करावं आणि त्याच्याच फोनमध्ये ठेवावं.