दिनविशेष, आपण आणि घरातली चार पायांची मंडळी: तुमचे अनुभव लिहा

सकाळी फोन उघडावा तर कुठल्या तरी रोगाच्या दिनाचं पोस्टर आलेलंच असतं. आपण ते पुढे पाठवतो आणि मोकळे होतो. तरी एखाद्या दिनाच्या निमित्ताने तपासणी झाली, राहिलेली लस टोचून घेतली, असंही घडतं. तसं काही असेल तर लिहा. माणसांचं, प्राण्यांचं, दोन्ही चालेल. पोस्टरचा मजकूर मात्र नको.

सुरुवात मी करते. २८ सप्टेंबर हा लुई पाश्चरचा स्मृतिदिन आणि जागतिक रेबीज दिन. आमच्या कुत्रीची वार्षिक लस त्याच सुमारास असते, त्यामुळे विसरायला होत नाही. पण खरा फायदा झाला भाच्याला. त्या दिवशीच्या शिबिरात डॉक्टरांनी मुलांकडून चावा धुण्याची तालीमच करून घेतली: वाहतं पाणी, साबण, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मुलं दोन मिनिटांत नळ बंद करायची आणि डॉक्टर पुन्हा सोडायला लावायचे. पुढे एका पिल्लाचा दात भाच्याच्या पोटरीला लागला. मोठी माणसं "खरचटलंय नुसतं" म्हणत होती, हा पठ्ठ्या पाय नळाखाली धरून बसून राहिला. नंतर लस सुरू झाली. रक्त आलं होतं म्हणून जखमेत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही दिलं.

*

आमचा दिवस १४ नोव्हेंबर, मधुमेह दिन. बाबा व्याख्यानाहून लक्षणांचा कागद घेऊन आले आणि मोठ्याने वाचायला लागले: सारखी तहान, सारखी लघवी, खाऊनही वजन उतरणं. वाचता वाचता थांबून म्हणाले, "अगं, हे तर सगळं बोक्याचं आहे!" खरंच होतं. पाण्याचं भांडं सारखं रिकामं, आणि चालताना मागच्या पायांचे घोटे पार जमिनीला टेकायचे. आम्ही ते वयावर ढकललं होतं. मांजरांची साखर नुसत्या घाबरण्यानेही चढते, म्हणून डॉक्टरांनी रक्तातलं फ्रुक्टोसामीनही तपासलं, त्यावरून मागच्या काही आठवड्यांची साखर कळते. मधुमेहच निघाला.

आता फ्रिजमध्ये दोघांचं इन्सुलिन आहे. बोक्याच्या कुपीत मिलिलिटरला ४० युनिट, बाबांच्या कुपीत १००, आणि सिरिंजही त्या त्या मापाच्या. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट चुकणार, म्हणून बोक्याच्या डब्याला लाल चिकटपट्टी लावली आहे. १४ नोव्हेंबर हा इन्सुलिनच्या शोधातल्या बँटिंगचा जन्मदिवस. १९२१ साली त्याचे प्रयोग कुत्र्यांवर झाले, त्यातून माणसांना औषध मिळालं आणि फिरून ते आमच्या बोक्यापर्यंत आलं. बाबांना या गोष्टीची फार मजा वाटते.

*

मला हे दिन फारसे पटत नाहीत. किडनी दिन मार्चचा दुसरा गुरुवार, पण आईचं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेलं कळलं ते नेहमीच्या तपासणीत, भलत्याच महिन्यात. तारीख हवीच असेल तर वाढदिवस धरा. प्राण्याचाही.

*

वरच्यांशी निम्मा सहमत. पण कुत्र्यांनाही रक्तगट असतात आणि कुत्रेही रक्तदान करतात, हे मला १४ जूनच्या रक्तदाता दिनामुळेच समजलं. आमचं धूड तरुण, निरोगी, लसी पूर्ण झालेलं, म्हणून दवाखान्याच्या यादीत नाव घातलं. गोचिडतापाने रक्त उतरलेल्या एका कुत्रीसाठी बोलावणं आलं. मानेवरचे केस भादरून तिथल्या शिरेतून रक्त काढलं. साहेब खाऊच्या नादात ढिम्म हलले नाहीत. केस यायला मात्र बराच वेळ लागला.

*

मुलीच्या दंडावर गोल चट्टा उठला. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: "घरात नवीन मांजर आलंय का?" आलं होतं. पिल्लाच्या कानामागे टक्कल पडलं होतं, दोघांनाही गजकर्ण. उपचार एकाच वेळी केले, अंथरूणपांघरूण गरम पाण्यात धुतलं. माणसांचं आणि प्राण्यांचं आरोग्य एकमेकांत गुंतलेलं आहे, असं सांगणाऱ्या ३ नोव्हेंबरच्या 'वन हेल्थ' दिनाचं भाषण ऐकायची मला गरज उरलेली नाही! पण माणसांच्या डॉक्टरांनी प्राण्यांबद्दल विचारावं, यासाठी तो दिवस जरूर असावा.

*

मे महिन्यातला १७ तारखेचा रक्तदाब दिन प्राण्यांसाठी कुणी पाळतं का? आमच्या म्हाताऱ्या मांजरीला एकाएकी दिसेनासं झालं, तेव्हा शेपटीला पट्टा बांधून रक्तदाब मोजला आणि तो भलताच चढलेला निघाला. गोळी चालू आहे. घरी मोजायचं यंत्र कुणी वापरत असेल तर सांगा, आमची पट्टा बांधूच देत नाही.