क्लासिकल गिटार: उजव्या हाताच्या सरावासाठी कोणतं पुस्तक घेऊ?

नमस्कार मंडळी,

क्लासिकल गिटार वाजवणाऱ्या जाणकारांचा सल्ला हवा आहे. मी बेळगावात टिळकवाडीत राहतो, नोकरी उद्यमबागेत. इथे पेटी-तबला शिकवणारे पुष्कळ, प्लेक्ट्रमने (तारा छेडायच्या छोट्या पातीने) कॉर्ड वाजवायला शिकवणारेही आहेत. पण नायलॉनच्या तारा बोटांनी छेडायला शिकवणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही. पणजीला एक सर आहेत, त्यांच्याकडे जमेल तसा जातो. आता पावसाळ्यात चोर्ला घाटातून जाणं-येणं नको वाटतं, म्हणजे दिवाळीपर्यंत भिस्त पुस्तकांवरच. स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची स्वरलिपी) वाचता येतं, टॅब (कोणती तार, कुठे दाबायची हे आकड्यांत दाखवणारी लिपी) नसला तरी चालेल.

अडचण उजव्या हाताची आहे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका असा साधा अर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक) मेट्रोनोम ६० वर (मिनिटाला ६० ठोके) ठेवला की स्वच्छ येतो. ८० च्या पुढे अनामिकेचा सूर दबतो आणि करंगळी ताठ होऊन बाहेर येते. करंगळी सैल ठेवायला गेलो तर लय जाते.

पहिला विचार जुन्या काळचा इटालियन गिटारवादक माउरो जुलियानी याच्या १२० अभ्यासांचा. त्याचा ओपस १ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक), व्हिएन्नात १८१२ साली छापलेला. डावा हात सी मेजर आणि जी सेव्हन या दोनच कॉर्डवर राहतो, त्यामुळे सगळं लक्ष उजव्या हाताकडे. हे मला मनापासून पटतं. आमच्या शेजारचे पेटीवाले काकाही हेच सांगतात: एक पलटा धर, तो बसेपर्यंत वही मिटून ठेव. पण १२० च्या १२० क्रमाने करायचे, की अनामिकेला काम देणारे तेवढेच निवडायचे?

दुसरं गिटारवादक स्कॉट टेनंटचं ‘पंपिंग नायलॉन’ हे पुस्तक. जुलियानीचे अभ्यास त्यातही आहेत, शिवाय बोट आधी तारेवर टेकवून मग सोडायचं कसं, हे समजावून सांगितलंय. जुलियानी नेटवर फुकट मिळतो, टेनंटला पैसे मोजावे लागणार. दर आठवड्याला चूक दाखवणारे सर नसताना ते समजावणं तेवढ्या मोलाचं आहे का? माझं मत ‘हो’कडे झुकतंय, पण ज्यांनी ते पुस्तक वापरलंय त्यांच्याकडून ऐकायचंय.

जुन्या गिटार-रचनाकारांपैकी कार्कासीचा ओपस ६० तर घेणारच. २५ अभ्यास, आणि ते ऐकायलाही गोड. त्यातला ए मेजरमधला तिसरा मी हळू वाजवतो: वरची चाल अनामिकेकडे, खाली तीन-तीन सुरांचे अर्पेजिओ. दुबळं बोट नेमकं तिथे उघडं पडतं, म्हणूनच तो सोडवत नाही.

स्पॅनिश गिटारवादक-रचनाकार सोरचे अभ्यास सध्या बाजूला ठेवलेत. विसाव्या शतकातला गिटारवादक सेगोव्हिया याने १९४५ साली निवडून छापलेले वीस सगळेच सुचवतात, आणि संगीत म्हणून ते कार्कासीच्या वरचं आहे यात वाद नाही. पण सोर स्वतः मुख्यतः अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटावरच भर द्यायचा. माझ्या दुखण्यावर ते औषध नव्हे असं वाटतं. चुकत असेन तर सांगा. उरुग्वेचा गिटारवादक कार्लेव्हारो याच्या सरावाच्या वह्यांपैकी दुसरी उजव्या हाताचीच आहे, पण ती सरांशिवाय झेपेल का?

आणखी एक, नखांचं. काम लेथवर असल्याने उजव्या हाताची नखं टिकत नाहीत, अनामिकेचं तर हमखास तुटतं. सोर नखांशिवाय वाजवायचा म्हणतात, तशीच सवय लावू? की शनिवार-रविवारी नखं, एरवी नुसती बोटं, असं केलं तर हात गोंधळेल?

ज्यांची अनामिका अशीच मागे पडत होती त्यांनी कोणते नंबर, कोणत्या क्रमाने केले ते कृपया सविस्तर लिहा. आणि बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुणी क्लासिकल गिटार वाजवत असाल तर जरूर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रविवारी एकत्र बसता येईल.